बा. म्हणजे बाजारी

अनंत मेस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बंपरला कान लावून उकिडवे बसले होते. बोटाच्या पेराने टकटक करायचे, ऐकायचे, थोडं सरकून पुन्हा टकटक. मी मागे येऊन उभा राहिलेला त्यांना कळलं होतं, पण तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ते वळले नाहीत.

"कंपनीचा नाय," ते शेवटी म्हणाले. "कंपनीचा भरीव बोलतो. हा बाजारी. पण वाईट नाय हां, चांगला बाजारी आहे. आधीच्या गॅरेजवाल्याने लावलाय आणि पैसे मात्र कंपनीच्या बंपरचे घेतलेत. तुम्ही इन्शुरन्सचे ना? लिहून ठेवा."

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. गाडी ठोकली की मालक विमा कंपनीकडे क्लेम करतो, गॅरेज दुरुस्तीचं एस्टिमेट देतं, आणि काय बदलायचं, काय ठोकून सरळ करायचं हे ठरवायला कंपनी माझ्यासारख्याला पाठवते. काम झालं की पुन्हा जाऊन बघायचं, की जे बदलायचं ठरलं ते खरोखर बदललं का. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या गॅरेजांतून मी पस्तीस वर्षं हे केलं. आता पंचाहत्तरी आली. मेस्त्रींच्या बाबतीत माझ्याकडून एक गोष्ट खोटी सांगितली गेली आहे आणि तिच्यामुळे त्यांचं नाव खराब झालं. ते दुरुस्त करायचं म्हणून हे लिहितो आहे. पण आधी माणूस सांगतो.

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे, आतल्या गल्लीत त्यांचा गाळा होता. वडील गिरणीच्या सुतारखात्यात होते. मेस्त्री हे कोकणातलं सुताराचं आडनाव, आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्याला मुंबईत मिस्त्री म्हणतात. त्यामुळे नवीन गिऱ्हाईक "मिस्त्री कुठंय?" म्हणून विचारत आलं की ते म्हणायचे, "आडनावाचा हवा की कामाचा? दोन्ही मीच." हा विनोद मी शंभरदा तरी ऐकला असेल. दर वेळी ते स्वतः पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

बोलणं मुंबईचं, थेट. पण फार राग आला किंवा मन भरून आलं की मालवणी सुरू व्हायचं. गाळ्यातले चार कारागीर त्यावरून हवामान ओळखायचे.

त्यांच्या गाळ्यात मागच्या भिंतीला दोनच फळ्या होत्या. वरच्या फळीवर गाडी बनवणाऱ्या कंपनीचे सुटे भाग, खालच्या फळीवर बाजारी. बाजारी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बनवलेले, त्याच मापाचे, स्वस्त. तिसरी जात, डुप्लिकेट, गाळ्यात यायला बंदी होती. गिऱ्हाईक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरायचं, आणि मेस्त्री हातातलं काम टाकून त्याला शिकवायला उभे राहायचे.

"बाजारी माल स्वतःच्या नावाने येतो. डुप्लिकेट दुसऱ्याचं नाव लावून येतो. बाजारी गरीब असेल, पण चोर नाय."

एकदा एक टेम्पोवाला ब्रेकचे पॅड स्वतःच घेऊन आला. चकचकीत खोका, वर चमकणारं स्टिकर. "ओरिजिनल आहे शेठ, फक्त लावून द्या."

मेस्त्रींनी खोका उघडला, पॅडची कड नखाने खरवडली आणि खोका बंद करून परत दिला. "स्टिकर खरं आहे. आतला माल खोटा."

"असं कसं होईल?"

"कसं होतं ते बनवणाऱ्याला विचार. मी लावणार नाय."

"अहो पण पैसे माझे, गाडी माझी!"

"आणि पुढच्या सिग्नलला रस्ता ओलांडणारा माणूस कोणाचा?" टेम्पोवाला कुरकुरत निघून गेला. मेस्त्री मला म्हणाले, "आरशाच्या कव्हराला बाजारी चालेल. मडगार्डला चालेल. ब्रेकला आणि सीटच्या पट्ट्याला नाय. तिथे डोकं चालवायचं नाय, वरच्या फळीला हात घालायचा."

जुने भाग ठेवायची त्यांची एक पद्धत होती. दुसऱ्या तपासणीला जावं तर गाडीतून काढलेले मोडके भाग गोणपाटावर ओळीने मांडलेले असायचे, प्रत्येकावर खडूने क्लेमचा नंबर. माझं बघून झालं की ते ड्रिल घेऊन प्रत्येक भागाला भोक पाडायचे, म्हणजे तोच मोडका भाग दुसऱ्या कोणी दुसऱ्या क्लेममध्ये दाखवायला नको. इतर गॅरेजांत हे माझं काम असायचं, रंगाचा फराटा मारायचं. इथे मला हात खिशात घालून उभं राहावं लागायचं.

त्यांच्यामुळे मी आळशी झालो, हे मी आता कबूल करतो. बाकीच्या गॅरेजांत मी बोनेटखाली वाकून बघायचो. मेस्त्रींकडे कागद बघून सही करायचो.

गिऱ्हाइकांचा नेहमीचा हट्ट म्हणजे जुना ओरखडाही नव्या क्लेममध्ये घालून द्या. आमच्याच इमारतीतल्या एक काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या, पुढचा बंपर फुटला म्हणून गाडी घेऊन आल्या. मी तिथेच होतो.

"मेस्त्री, हा मागच्या दाराचा ओरखडा पण घ्या हं त्यातच."

"काकू, टक्कर पुढून झाली ना?"

"हो."

"मग मागचं दार कसं खरचटलं? गाडी गिरकी घेऊन परत आली?"

"अहो, सगळेच करतात! लिमये तर आमचे शेजारी आहेत, ते काय नाही म्हणणार आहेत का? काय हो लिमये?"

मी टायर बघायला लागलो. मेस्त्री म्हणाले, "ते नाय म्हणणार नाहीत, म्हणून तर मी म्हणतो." मग त्यांनी पॉलिशचा डबा आणला आणि काकूंच्या देखत दहा मिनिटं घासून तो ओरखडा जवळजवळ घालवून दिला. फुकट. "हा माझ्याकडून. इन्शुरन्समध्ये फक्त बंपर." काकू जाताना मला म्हणाल्या, "विचित्रच माणूस आहे." गाडी मात्र पुढे कायम तिथेच द्यायच्या.

पॉलिसी वाचणारा दुसरा गॅरेजवाला मला भेटला नाही. एका तरुण आयटीवाल्याने रुंद फॅन्सी चाकं आणि निळे दिवे बाहेरून बसवून घेतले होते, ते अपघातात गेले. तो भांडायला आला, की कंपनी पैसे का देत नाही.

"पॉलिसीत लिहून घेतली होतीस ही चाकं?"

"लिहून म्हणजे? गाडीलाच तर होती!"

"गाडीला होती रे, कागदाला नव्हती. जादा बसवलेलं सगळं कंपनीला सांगायचं, त्याचा वेगळा प्रीमियम भरायचा. नाय सांगितलंस, तर कंपनीच्या लेखी तू अजून शोरूमच्याच चाकांवर फिरतोयस."

"यार, हे कोणी सांगितलंच नाही."

"विकणारा कशाला सांगेल? मी सांगतोय ना आता. बस, चहा घे." आणि भाग जुना झाला म्हणून कंपनी जी रक्कम कापते, ती घट कशी मोजतात तेही त्याला समजावलं. बदललेल्या प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात, गाडी कितीही नवी असो. काचेचे पूर्ण मिळतात, गाडी कितीही जुनी असो. "विम्यात काच चिरतरुण," मेस्त्री म्हणाले, "आणि प्लास्टिक जन्मताच अर्धमेलं." पोरगा भांडायचं विसरून हसायला लागला.

आता ती गोष्ट.

मेस्त्री टाइप केलेल्या कागदावरही जाड सुतारी पेन्सिलने खुणा करायचे, वडिलांची सवय. ज्या भागापुढे काही नाही तो कंपनीचा. ज्याच्यापुढे "बा." तो बाजारी. वीस वर्षं मी ते "बा." वाचत होतो. कधी विचारावं लागलं नाही.

भांडुपचे साळवी म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्या गाडीचा डावा हेडलाइट फुटला, मडगार्ड दबलं. मी कंपनीचा हेडलाइट मंजूर केला. मॉडेल जुनं, दिवा यायला तीन आठवडे लागतील असं वितरकाने सांगितलं. साळवी आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला घाटकोपरला न्यायचे. ते म्हणाले, "मेस्त्री, कुठलाही लावा, पण गाडी द्या." मेस्त्रींनी बाजारी दिवा लावला, साळवींना तसं सांगितलं, मंजुरीच्या कागदावर हेडलाइटपुढे "बा." लिहिलं, रक्कम खोडून कमी केली आणि मी दुसऱ्या एका गाडीसाठी आलो तेव्हा तो कागद माझ्या हातात दिला.

"साहेब, दिवा बाजारी लावलाय. बिल बदलून देतो. तुमचा रिपोर्ट पण बदला."

दुसऱ्या तपासणीचा माझा रिपोर्ट आदल्या दिवशीच गेला होता. गाडी न बघता. मेस्त्रींचं काम म्हटल्यावर बघायचं काय?

"रिपोर्ट गेला हो. परत मागवायचा म्हणजे वरची परवानगी, त्यात महिनाअखेर. राहू दे."

"राहू दे कसं? कागदावर कंपनीचा आणि गाडीत बाजारी?"

"पुढच्या फाइलीत कमी करून टाकू."

"पुढची फाइल दुसऱ्याची गाडी असते, साहेब."

"मेस्त्री, मी बघतो म्हटलं ना." मी कागद बॅगेत टाकला आणि तो तसाच फाइलीत लावून दिला.

विमा कंपनीकडून मंजूर झालेले सगळे पैसे गॅरेजला आले. मेस्त्रींनी त्यातून कंपनीचा हेडलाइट मागवला, म्हणजे तो आला की साळवींचा दिवा बदलून द्यायचा आणि कागद आपोआप खरा होईल. दिवा आला. पण दरम्यान साळवींची आई गेली. ते गावी गेले, परत आले, गाडी चालत होती, दिवा लागत होता. "येतो मेस्त्री, येतो," म्हणत राहिले आणि आले नाहीत. दिवा खोक्यात, वरच्या फळीवर, साळवींचं नाव घालून पडून राहिला.

वर्षभराने कंपनीने काही जुन्या फाइली पुन्हा तपासायला काढल्या. त्यात साळवींची निघाली. तपासनिसाने गाडी पाहिली. दिव्यावर कंपनीची खूण नाही. साळवी म्हणाले, की मला मेस्त्रींनी सांगितलं होतं. पण ते तोंडी होतं, म्हणून तपासनिसाने लिहिलं नाही.

मला आणि मेस्त्रींना कंपनीच्या चेंबूरच्या ऑफिसात एकाच वेळी बोलावलं. क्लेम विभागाच्या प्रमुख राजे मॅडम, सभ्य बाई, त्यांनी पाणी दिलं. मेस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि हेडलाइटचा खोका मांडीवर घेऊन बसले होते. पुरावा म्हणून.

मॅडमनी खोका उघडून पाहिला. पावती पाहिली. "म्हणजे ओरिजिनल तुमच्याकडे वर्षभर होता? तरी गाडीत लोकल ठेवलात?"

मेस्त्रींना हे अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "गाडीच आली नाय ना, मॅडम. पण मी आधीच लिहून दिलंय. फाइलीत बघा."

मॅडमनी फाइल माझ्याकडे वळवली. पेन्सिलच्या खुणेवर बोट ठेवलं. "लिमये, हे 'बा.' म्हणजे काय हो?"

बाजारी म्हटलं, तर मला माहीत होतं हे सिद्ध होतं. न बघता रिपोर्ट दिला, कळल्यावरही दाबला, म्हणजे माझं लायसन्स जाणार. हा सगळा हिशेब करायला मला एक घोट पाण्याइतका वेळ लागला.

"बाद," मी म्हणालो. "जुना बाद केला, नवीन घातला, असं मी समजलो."

मेस्त्री माझ्याकडे वळले. मी फाइलीकडे बघत होतो, पण वळले ते कळलं.

"आणि ही रक्कम खोडली आहे ती?" मॅडमनी विचारलं.

"ती कोणी खोडली मला माहीत नाही."

"मेस्त्री, तुम्ही सांगा. काय लिहिलं होतंत?"

त्यांनी खोका बंद करून पुन्हा मांडीवर घेतला. मी मनात म्हणत होतो, बोला, एकदाचं बोलून टाका. ते म्हणाले, "साहेबांनी सांगितलं ना. मग माझं अक्षर बरोबर नसणार."

का म्हणाले, मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांच्यावर माझे काही उपकार नव्हते. तोंडावर मला खोटारडा म्हणायला त्यांची जीभ रेटली नसावी, एवढंच मला वाटतं.

खाली उतरल्यावर त्यांनी खोका दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही रिक्षा करणार की बस?"

"रिक्षा."

"मग या," म्हणून ते बसस्टॉपकडे गेले.

गॅरेज कंपनीच्या यादीतून निघालं. यादीत नसलेल्या गॅरेजात गिऱ्हाइकाला आधी खिशातून पैसे भरावे लागतात, म्हणून विम्याच्या गाड्या यायच्या थांबल्या. बातमी इतर कंपन्यांनाही कळली. चारातले तीन कारागीर गेले. पण त्यांना लागलं ते वेगळंच होतं. गल्लीत, चहाच्या टपरीवर, सुट्या भागांच्या दुकानात लोक म्हणायला लागले, "मेस्त्री? तो डुप्लिकेट लावतो रे. कंपनीने पकडला." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सांगणारा मलाच सांगत होता, सावध राहा म्हणून. मी "हो का?" म्हणालो.

त्यानंतर मी सहा वर्षं काम केलं. त्या गल्लीतल्या फाइली मी घेत नसे.

गेल्या वर्षी मी कंपनीला पत्र लिहिलं. काय घडलं ते क्रमाने, सही करून. उत्तर आलं, की पत्राबद्दल आभार, परंतु इतक्या जुन्या क्लेमच्या फाइली आता उपलब्ध नाहीत. दुरुस्त करायला कागदच उरला नव्हता. तेव्हा त्याच पत्राची प्रत घेऊन मेस्त्रींकडे गेलो.

मोठा गाळा गेला होता. त्याच गल्लीच्या टोकाला अर्ध्या गाळ्यात ते शाळेच्या व्हॅनचं दार आडवं ठेवून ठोकत बसले होते.

"कोण? लिमये साहेब? काय ओ, किती वाळलात!"

मी पत्र पुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही, हात काळे होते. "काय लिहिलंय?"

"खरं काय ते. कंपनीला पाठवलं होतं. त्यांच्याकडे फाइल नाही आता."

"मग माका कित्या देतास?" त्यांचं मालवणी सुरू झालं होतं. "कंपनीत माझां नाव खय होतां? माझां नाव हय होतां, ह्या गल्लीत. हयसर वाचा. मोठ्यान."

मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि वाचायला लागलो. टपरीवरचे दोघंतिघं बघायला लागले. सुट्या भागांचा दुकानदार बाहेर आला. एक रिक्षावाला म्हणाला, "काका, कसली नोटीस आहे? गल्ली तोडतायत काय?" बाकीचे हसले.

"वाचू दे रे त्यांना," मेस्त्री मागून म्हणाले.

मी वाचत गेलो. हेडलाइट, रिपोर्ट न बघता दिला, "बा." म्हणजे बाजारी हे मला वीस वर्षं ठाऊक होतं. दुकानदार पुढे सरकला. "म्हणजे डुप्लिकेट लावला नव्हता?"

"नाही."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्याचं उत्तर पत्रात पुढे होतं, म्हणून मी पुढे वाचलं. " 'दिवा बाजारी आहे हे मेस्त्रींनी मला एकदा स्पष्ट सांगितलं होतं' "

"दोनदा."

मी थांबलो. त्यांची माझ्याकडे पाठ होती, हातोडी मांडीवर. "कंपनीचो दिवो इलो तेव्हा फोन केललंय. साळवी येणत नाय, रिपोर्टात लिवा म्हटलंय. तुमी बगतंय म्हणालात."

खरं होतं. मी एका लग्नाच्या हॉलमध्ये होतो, आवाज नीट येत नव्हता, "बघतो, बघतो," म्हणून फोन ठेवला होता. इतक्या वर्षांत मी स्वतःशी हे प्रकरण हजारदा उगाळलं असेल, पण तो फोन त्यात नव्हता. एका उभ्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मी "एकदा" खोडलं, "दोनदा" केलं, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग शेवटपर्यंत वाचलं. माझं नावही वाचलं.

रिक्षावाल्याने हातातला चहाचा ग्लास टपरीवर ठेवला.

"तारीख वाचलास नाय," मेस्त्री म्हणाले.

मी तारीख वाचली. त्यांनी दार थोडं आपल्याकडे ओढून घेतलं आणि पुन्हा ठोकायला सुरुवात केली.